पाटी आधी

पहाटे चारला ससून डॉकवर
सगळ्यात गार गोष्ट बर्फ नसते.
काट्याशेजारच्या स्क्रीनवरचा बाण असतो,
जागच्या जागी गोठलेला.

मी मच्छीमार सोसायटीचा कंप्युटरवाला.
हंगाम सुरू होऊन आठवडा झालेला,
काट्यावर सुरमईची पाटी,
पाटीमागे जयवंती तांडेल,
तिच्यामागे आणखी चाळीसेक बाया.
"तुजा डबा निजला काय रं?"

निजला नव्हता, पण हे तिला कसं सांगू.
आत तो मरमर राबत होता.
बारा वर्षांच्या पावत्या, डिझेलची बिलं,
बुडालेल्या बोटींचे विम्याचे कागद,
सगळं एका डिस्कवरून दुसरीवर वाहत होता,
रोज चारलाच,
कारण कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं
की चारला मुंबई झोपलेली असते.

मी आकडे काढून पाहिले.
प्रोसेसर जवळजवळ रिकामा.
शंभरात आठ भाग काम,
उरलेलं सगळं वाट पाहणं.
म्हणजे डोकं धड, हातपाय धड,
नुसता डिस्कच्या दारात उभा
कागद हातात धरून.

सेक्रेटरी वैती म्हणाले, मेमरी वाढवा.
वाढवली. दुप्पट.
दुखणंही दुप्पट झालं.
कळायला दोन रात्री गेल्या:
मोठं घर मिळालं की पसारा वाढतो.
लिहायची राहिलेली पानं मेमरीत साचत जायची,
कुणाला पत्ता नाही,
मग बांध फुटावा तशी
सगळीच्या सगळी डिस्कवर कोसळायची
आणि त्या लोंढ्याच्या शेपटाशी कुठेतरी
जयवंतीच्या पावतीची ओळ.
अठरा किलो चारशे. एवढीच.

तिसऱ्या रात्री चहा घ्यायला फाटकाशी गेलो.
बर्फाचा ट्रक आत शिरत होता, लाद्या ठिबकत.
रखवालदार मुस्तकीमने हात आडवा धरला.
डोक्यावर पाटी घेतलेल्या तिघी
ट्रकच्या नाकासमोरून निघून गेल्या.
ट्रक चार हात पुढे.
पुन्हा हात आडवा. पुन्हा पाटी.
ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.
"पाटीला लागतो किती वेळ?" मुस्तकीम म्हणाला,
"ट्रकला तर लागणारच आहे."

चहा तसाच टाकून परत आलो.
बॅकअपला सांगितलं, तू सगळ्यांच्या मागे,
दार मोकळं दिसेल तेव्हाच पाऊल टाक.
मेमरीला सांगितलं, साठवू नकोस,
ओंजळभर झालं की लिहून मोकळी हो.

दुसऱ्या दिवशी काटा पाण्यासारखा चालला.
आणि बॅकअप?
दुपारी दोनपर्यंत दारातच,
सात टक्क्यांवर.
पाट्या संपतच नव्हत्या.

मुस्तकीमला विचारलं,
ट्रकला दिवसभर अडवून धरलं तर?
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मी मासा कुठे राहतो असं विचारलंय.
"मग बर्फ फाटकातच पाणी होईल की."

म्हणून आणखी एक ओळ लिहिली:
फार वेळ थांबलीस की एक पाऊल तुझं.
किती वेळ म्हणजे फार,
तो आकडा अजून अधूनमधून बदलतो.
माझं काही पक्कं नाही.

पूर्वी बॅकअप सव्वापाचला संपायचा,
आता पावणेदहा होतात.
वैती म्हणतात, मशीन हळू झालं.
मी वाद घालत नाही.
आकडा त्यांच्याच बाजूने आहे.

जयवंती काही म्हणत नाही.
हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
ओल्या बोटांनी पावती ओढते,
कनवटीला लावते,
आवाज चढवत लिलावात शिरते
आणि मागे काट्यावर
पुढची पाटी टेकायच्या आत
बाण रिकाम्या रकान्यात जाऊन
लुकलुकत उभा असतो.